मशरू : रेशमाला मिळालेली मुभा



पट्टेदार वस्त्राच्या वाट्याला सर्वत्र सारखा मान आला नाही. तेराव्या शतकात कार्मेल पंथाचे संन्यासी पट्टेदार झगे घालून पॅरिसमध्ये आले, तेव्हा लोकांनी त्यांची टर उडवली. पुढे १२९५ मध्ये पोप आठवा बॉनिफेस याने धर्मसंघांतील सर्वांनाच असे कपडे वर्ज्य ठरवले. आपल्याकडे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत मात्र पट्टेदार अधोवस्त्रे दिमाखाने वावरतात. आणि गुजरातेत एक पट्टेदार कापड ‘धर्माला संमत’ अशा अर्थाचे अरबी नाव धारण करून नांदले. ते कापड म्हणजे मशरू.

इस्लामी संकेतानुसार पुरुषाला निव्वळ रेशीम निषिद्ध. विणकराने त्यावर मागावरच तोड काढली. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा. रेशमाचा प्रत्येक उभा धागा अनेक सुती धाग्यांवरून जातो आणि एकाखालून वळतो. त्यामुळे दर्शनी बाजूस रेशमाची झळाळी आणि अंगाला सुताचा स्पर्श. नियमही पाळला गेला, हौसही भागली.

मशरूच्या पट्ट्यांचे रहस्यही याच रचनेत आहे. वर दिसतो तो ताणा. म्हणून रंगांचा सारा हिशेब विणकामाआधीच पुरा होतो. रंगवलेले धागे ठरल्या संख्येने ओळीत लावले की उभे पट्टे आपसूक उमटतात. धोटा फेकताना रंग बदलावा लागत नाही. काही पट्ट्यांसाठी धागे आधी जागोजागी बांधून रंगवतात, त्यातून बाणाच्या टोकांसारखी नक्षी साधते.

मशरूचे पायजमे झाले, अंगरखे झाले. कच्छमध्ये घागरे आणि चोळ्याही झाल्या. ज्या बंधनापोटी हे कापड जन्मले, ते ज्यांना लागू नव्हते त्यांनीही ते आपलेसे केले.

सुभानपुऱ्यातील श्रोत्यांना पाटण म्हटले की पटोळे आठवते; पण मशरूचेही ते जुने केंद्र. विसाव्या शतकात रेशमाच्या जागी बहुतांशी रेयॉन आला आणि मशरू विणणारे हात विरळ झाले. संग्रहालयातील तुकडा कापड जपतो; ताणा लावण्याची रीत मात्र माणसाच्या हातातच जगते. म्हणून मशरू घेताना ते उलटून पाहावे. छापील पट्ट्याच्या पाठीवर फिकट रंग असतो; अस्सल मशरूच्या पाठीवर सुती पोत असतो, आणि त्या सुतानेच रेशमाला मुभा मिळवून दिली.