वसंतातील फुले आणि त्यांची चित्रे

(वार्षिक संमेलनातील भाषण)



फाल्गुन-चैत्रात सातारा-सांगलीकडील माळ व डोंगरउतार पळस, पांगारा आणि काटेसावर यांच्या फुलांनी रंगून निघतात. ही शोभा आपण सारेच पाहतो. परंतु फूल नुसते पाहणे निराळे आणि चित्र काढण्यासाठी निरखणे निराळे. या दुसऱ्या पाहण्याकडे आपल्या घरांतील मुलामुलींचे मन वळावे, एवढ्यासाठीच आम्ही हे चार शब्द बोलत आहोत.

पळसाचेच उदाहरण घ्या. ‘पळसाला पाने तीनच’ असे आपण जाता-येता म्हणतो. पण फूल ऐन भरात असते तेव्हा झाडावर बहुधा पानच नसते. म्हणून शास्त्रशुद्ध चित्र काढणाऱ्यास फुले रंगवून कागदावर जागा राखावी लागते आणि पालवी आल्यावर तेथे त्रिदल पान भरावे लागते. पोपटाच्या चोचीसारखी वळलेली पाकळी, तिच्यामागचा गर्द मखमली पुष्पकोश, आणि फूल उकलल्यावर दिसणारे दहा पुंकेसर, त्यांतील नऊ जुळलेले व एक सुटा, हे सारे मोजूनमापून उतरवावे लागते. उजळ भागासाठी कागदाचा पांढरेपणाच सांभाळावा लागतो. वाळविलेल्या फुलाचा रंग जातो. जपून ठेवलेल्या चित्रात तो दीर्घकाळ टिकतो.

या कलेची परंपरा आपल्याकडेही आहे. पुण्याजवळ दापोडी येथे सरकारी वनस्पती-उद्यान होते. तेथील अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात वनस्पतींची दीडशेहून अधिक जलरंगचित्रे करवून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती-उद्यानात जतन केलेली आहेत आणि हेन्री नोल्टी यांनी २००२ साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. गिब्सन यांचे नाव राहिले; ज्याने कुंचला चालविला त्या चित्रकाराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही!

रस्ते रुंदावताना जुनी झाडे जातात आणि वडीलधाऱ्यांबरोबर फुलांची गावठी नावेही जातात. म्हणून आमची विनंती एवढीच, की येत्या फाल्गुनात प्रत्येक घरातून एका तरी फुलाचे चित्र निघावे. आजीला विचारून त्याखाली फुलाचे नाव लिहावे, गाव व तिथी घालावी, आणि काढणाऱ्याने स्वतःची सही करण्यास संकोच करू नये.