आडनावातलं गाव कुणाचं?



गावाच्या नावाला ‘कर’ लावला की आडनाव होतं. केरीचा केरकर, कुर्डीचा कुर्डीकर. बघा, बोलताना ‘चा’च येतो, ‘ची’ येत नाही. कारण बाईला हे गाव मिळतं ते बापाकडून, नाहीतर नवऱ्याकडून. लग्न झालं की एक गाव पुसायचं, दुसरं लावायचं. त्या दुसऱ्या गावात कित्येकदा ती एक दिवसही राहिलेली नसते.

गोव्यातल्या कलावंत बायकांचं मात्र वेगळं होतं. देवळाच्या सेवेला बांधलेल्या या बायकांना लग्न नाकारलेलं होतं. मुलांना बापाचं नाव मिळत नसे. मग आईचं गाव हेच आडनाव व्हायचं. येसूबाईंचे पुत्र दीनानाथ मंगेशी गावावरून मंगेशकर झाले. १८९२ साली केरीत जन्मलेल्या केसरबाई केरकर झाल्या, १९०४ साली कुर्डीत जन्मलेल्या मोगूबाई कुर्डीकर.

याला स्वातंत्र्य म्हणू नका. त्या प्रथेत शोषणच होतं, आणि बापाचं नाव नाही म्हणून हिणवणंही होतं. पण ज्या नावावरून हिणवलं, त्याच नावाने त्या गायल्या. केसरबाईंना १९६९ साली पद्मभूषण मिळालं, मोगूबाईंना १९७४ साली. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर केसरबाईंची भैरवी अवकाशात गेली. कुर्डी गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्यात बुडालं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की त्याचे अवशेष दिसतात. पण गाण्याच्या दुनियेत कुर्डीचं नाव टिकलं ते एका बाईमुळे.

मोगूबाईंच्या कन्या किशोरीताई लग्नानंतर आमोणकर झाल्या. एका पिढीत आईचं गाव नावातून गेलं, नवऱ्याचं आलं.

आता महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लिहिणं सक्तीचं झालं आहे. चांगलंच झालं. पण शेवटी येणारं आडनाव बहुतेक घरांत बापाचंच राहणार.

तेव्हा आडनाव कुठलं लावायचं हे जिचं तिने ठरवावं. पण ज्या गावाचं नाव आपण जन्मभर वागवतो, तिथल्या सात-बाऱ्यावर आपलं नाव आहे का, हे प्रत्येकीने तलाठ्याकडे जाऊन बघावं. हिंदू कुटुंबात २००५ पासून देशभर मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे. तरी ‘भावासाठी सोड’ म्हणून सही मागितली जाते. ती सही करण्याआधी आपल्या गटात येऊन बोला.

नावात गाव आहे, गावात नाव हवं. एवढं बोलून थांबते.