हार दाराबाहेर ठेवा
(उत्सवातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा सारांश)



महाराष्ट्रातून मुलाच्या बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी या शहरात येणाऱ्या कुटुंबांना आपले मंडळ खोली, डबा, दुभाषी अशी मदत करते. म्हणून बालरोग विभागातला डॉक्टर या नात्याने आज त्याविषयीच बोलतो.

भारतात हे उपचार १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांच्या पथकाने सुरू केले. तीव्र औषधांनी मुलाची आजारी अस्थिमज्जा नष्ट करतात आणि दात्याच्या मूळपेशी शिरेतून देतात. त्या रुजायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात. तेवढे दिवस अंगात पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतात.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. आपण ते रोज श्वासावाटे घेतो आणि पचवतो. या मुलांच्या सायनसमध्ये मात्र ते रुजू शकतात. ॲस्परजिलस ही त्यातली नेहमीची बुरशी. दुसरी म्युकर, २०२१ मध्ये 'काळी बुरशी' म्हणून सर्वांना माहीत झालेली. सायनस आणि डोळा यांच्यामध्ये हाडाचा पातळ पडदाच असतो, मेंदूही जवळच. त्यामुळे उशीर परवडत नाही.

पू तयार होतो तो मुख्यतः पांढऱ्या पेशींचा. त्याच नसल्याने नाक फारसे वाहत नाही. अँटिबायोटिक देऊनही न उतरणारा ताप, गालात दुखणे, डोळ्याभोवती सूज, नाकात काळी खपली, यांपैकी काहीही दिसले तर 'सर्दी असेल' म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. तुकडा काढून तपासावा लागतो, कारण ॲस्परजिलसवर चालणारे व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही. तिथे ॲम्फोटेरिसिन आणि बहुधा शस्त्रक्रिया लागते.

आता आपले काम. भेटीला जाताना फुले, हार, दूर्वा, कुंडी नेऊ नका. माती आणि ओलसर पानाफुलांत बुरशी असते. बाप्पाचा हार उशाशी ठेवावा असे आईला वाटणारच. तिला प्रेमाने समजावून तो दाराबाहेर ठेवा. खोली शोधताना भिंतीला ओल नाही ना, शेजारी बांधकाम नाही ना, हे पाहा. आणि प्लेटलेट्स साधारण ५ दिवसच टिकतात, म्हणून दात्यांची यादी वर्षभर तयार हवी. आज आरतीनंतर ती वही टेबलावर असेल.

गणपती बाप्पा मोरया!