उतावळा पैसा



मी सातवी शिकलेली. पण घरखर्चाची वही रोज लिहिते, त्या बळावर दोन शब्द बोलते.

चिंचवड-चाकणच्या कारखान्यांत पाळीवर जाणारी आपली मुले जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर सौदे करतात. सेबीने २०२४ साली हिशेब मांडला: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या शंभर माणसांपैकी त्र्याण्णव तोट्यात गेली. सौदा तरो वा बुडो, दलाली आणि कर द्यावेच लागतात.

सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांच्या आसपास होता. मार्च २००९ मध्ये साडेआठ हजारांखाली घसरला. २०१० च्या दिवाळीत पुन्हा २१ हजारांवर आला. धीर धरणारा तरला. मात्र सारा भार एकाच कंपनीवर नको. तीच बुडाली तर धीर काय कामाचा?

म्हणून फी, लग्न, दवाखाना यांचा पैसा बँकेत वा पोस्टात ठेवावा. उरेल तो अनेक कंपन्यांत विभागणाऱ्या म्युच्युअल फंडात दरमहा घालावा, दहा वर्षे हात न लावण्याच्या बोलीने.

आणि दागिने गहाण ठेवून सौदा करू म्हणणाऱ्याला चहा जरूर द्या. कपाटाची किल्ली देऊ नका!