दगडी जाळीचा अर्थ

अकोला जिल्ह्यात अकोटच्या उत्तरेस नरनाळा किल्ला आहे. त्याचा महाकाली दरवाजा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पांढरट वालुकाश्माचे काम, त्यावर कमळे आणि कोरीव लेख, बाजूंना पुढे आलेले सज्जे, आणि सज्ज्यांना नाना नक्षींच्या दगडी जाळ्या. दरवाजा १४८७ सालचा, बहामनी अमदानीतला.

काही वर्षांपूर्वी मी विद्यार्थी घेऊन तेथे गेलो होतो. एकाने विचारले, "सर, या जाळीचा अर्थ काय?" आता प्राध्यापकाने 'ठाऊक नाही' कसे म्हणावे! मी ठोकून दिले, "ही पंचमहाभूतांची गुप्त खूण आहे." जवळच एक गुराखी उभा होता. तो म्हणाला, "भोकाचा अर्थ काय पुसता गुरुजी? वारा येते, न्‌ खालचा मानूस दिसते!" पोरे हसली, मीही हसलो.

पुढे तोच विद्यार्थी शिक्षक झाला. त्याच्या शाळेत गेलो तर भिंतीवर जाळीचे सुंदर चित्र, आणि खाली सुवाच्य अक्षरांत माझे ते वाक्य! पन्नास मुले ते पाठ म्हणत होती. त्या दिवशी मला गुराख्याची आठवण झाली.

त्याचे शहाणपण दूरदेशीही लागू पडते. जपानी तलवारीच्या मुठीपाशी लोखंडाची एक चकती असते. तिला त्सुबा म्हणतात. तिच्यात आरपार नक्षी कापलेली असते. कुठे फूल, कुठे पक्षी, तर कुठे काहीच ओळखू येत नाही. पण मधले भोक पात्यासाठी असते, आणि बाजूला असलीच तर एकदोन भोके म्यानात खोवलेल्या लहान सुरीसाठी व सळईसाठी. हे ठाऊक नसणारा त्या भोकांतही गूढ शोधीत बसेल. तेव्हा पहिला प्रश्न हा, की हे कशासाठी केले?

दुसरा प्रश्न, असेच आणखी कोठे आहे? अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाच्या दरवाजावर दोन तोंडांचा पक्षी कोरला आहे. चोचींत चक्क हत्ती! हा गंडभेरुंड. गडाची डागडुजी करणारा फतहुल्ला इमादुल्मुल्क हा मूळचा विजयनगरकडील कानडी मुलगा, लहानपणी पकडून आणलेला, असे फिरिश्ता लिहितो. विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवरही हाच पक्षी आहे. झाले, कोडे सुटले असे वाटते ना?

थांबा. तिसरा प्रश्न राहिला: आधी कोण, मागून कोण? अच्युतराय १५२९ मध्ये गादीवर आला, आणि फतहुल्ला त्याच्या कितीतरी आधी वारला. म्हणजे त्या नाण्यावरून चिन्ह गडावर आले, असे म्हणता येत नाही. पण कर्नाटकातील बळ्ळिगावे येथे भेरुंडाचा स्तंभ आहे, तो १०४७ सालचा. कानडी मुलखात ही कल्पना फार जुनी होती, एवढे मात्र पक्के. फतहुल्लाने तिकडची आठवण दगडात ठेवली, हा तर्क संभवनीय आहे, पण तर्कच.

शिक्षकबंधूंनो, हा नुसता पंडिती वाद नव्हे. खूण दिसली की खाली धन आहे, असे समजून कुदळ मारणारे लोक आहेत. आपण वर्गात 'गुप्त खूण' म्हणतो, तेव्हा त्या कुदळीला दांडा आपणच पुरवतो.

मी त्या शिक्षकाला माझी चूक सांगितली. आता त्या चित्राखाली तीन ओळी आहेत: दरवाजा १४८७ चा, जाळीतून वारा येतो आणि खालचे दिसते, नक्षीचा अर्थ शोधायचा आहे. तुमच्या गावच्या वेशीवर, बारवेवर, देवळावर काही कोरले असेल, तर मुलांना तेथे न्या. दगडाला हात न लावता चित्र काढू द्या, हे तीन प्रश्न विचारू द्या. आणि उत्तर नसेल तेथे 'ठाऊक नाही' असे मोकळेपणाने म्हणा. मला ते म्हणायला फार वर्षे लागली.