डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या रेषा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू डोळ्यांच्या विभागात आहेस, मोतीबिंदूवर बोल." मी तयारीही केली होती. पण मागच्या महिन्यात आपल्या ग्रुपवर कोणीतरी दहावीचा फोटो टाकला आणि मोतीबिंदू मागे पडला.

तो फोटो आठवा. फेब्रुवारी महिना, शाळेचं मैदान. फोटोवाल्याने आपल्याला उन्हाकडे तोंड करून उभं केलं होतं. आपण चौपन्न जण आणि चौपन्नही जणांचे डोळे बारीक. मी तो फोटो मोबाइलवर मोठा करून पाहिला. सोळाव्या वर्षीच प्रत्येकाच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात तीन-तीन रेषा उमटलेल्या दिसतात. डोळे उघडले की त्या तेव्हा पुसल्या जायच्या. आता जात नाहीत, एवढाच फरक. त्या फोटोखाली एका मैत्रिणीने विचारलं, "या सुरकुत्या जातात का गं?" मी गमतीने लिहिलं, "उन्हात डोळे बारीक करणं सोड." सगळ्यांनी हसण्याची चित्रं टाकली. पण त्या रात्री सात जणांनी मला वेगळा मेसेज करून तेच विचारलं. त्यात तीन पुरुष होते. नावं सांगणार नाही, घाबरू नका.

एक आधीच सांगते. मी त्वचारोगतज्ज्ञ नाही, डॉक्टरही नाही. पंचवीस वर्षं डोळे तपासायचं, चष्म्याचा नंबर काढायचं काम करते आहे. त्यामुळे डोळ्यांभोवतीची कातडी रोज बोटांखाली येते. पापणीची कातडी आपल्या सगळ्या अंगात पातळ. तिच्या खाली गोल फिरलेला एक स्नायू असतो, पिशवीच्या तोंडाला नाडी असते तसा. तो आवळला की डोळा मिटतो आणि वरच्या कातडीला घड्या पडतात. तेंदूचं हिरवं पान दुमडून सोडलं तर परत सरळ होतं. तेच वाळल्यावर दुमडलं तर घडी राहते. कातडीचंही तसंच. तिला ताण देऊन परत जागेवर आणणारे धागे आत असतात. ते धागे उन्हाने तुटतात, विडी-सिगारेटच्या धुराने तुटतात, वयाने कमी होतात. मग रोजची घडी कायमची होते.

यात वयाचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा कमी आणि उन्हाचा जास्त. अमेरिकेतल्या एका ट्रक ड्रायव्हरचा फोटो २०१२ मध्ये तिथल्या एका मोठ्या वैद्यकीय मासिकात छापून आला. माणूस ६९ वर्षांचा, २८ वर्षं ट्रक चालवलेला. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्यामुळे खिडकीचं ऊन त्याच्या डाव्या गालावर. चेहऱ्याचा डावा भाग वीस वर्षांनी म्हातारा वाटावा असा. माणूस एक, वय एक, चेहरे दोन. काचेतूनसुद्धा उन्हातले काही किरण आत येतात, ते कातडीत खोल जातात आणि चटका मात्र लागत नाही. आपल्यातले जे दोघं एसटीत आहेत आणि जे सुरजागडच्या गाड्यांवर आहेत, त्यांनी आज घरी गेल्यावर आरशात उजवा आणि डावा कोपरा ताडून पाहावा. आपल्याकडे उजवा आधी दिसेल.

पण मला हे समजायला अमेरिकेचा फोटो लागला नाही. माझी आई होती. आपल्यापैकी अर्ध्या जणांच्या आया तशाच होत्या. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह वेचायला, झाडाखालचा पाला जाळलेला, त्याचा धूर. मे महिन्यात तेंदू. अंधारात जंगलात जायचं, दहा-अकरापर्यंत पानं घेऊन यायचं, मग अंगणात बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर मोजून द्यायला उभं राहायचं. मावळतीचं ऊन थेट डोळ्यांवर. ती बेचाळीस वर्षांची असताना रेशन दुकानात एका पोराने तिला "आजी, जरा सरका" म्हटलं. ती काही बोलली नाही. घरी येऊन खिडकीतला छोटा आरसा तिने उलटा करून ठेवला. मी तेव्हा बारावीत होते आणि मला त्याचं हसू आलं होतं. आज येत नाही.

नंतर मी या कामात आले तेव्हा तिचे डोळे तपासले. बुबुळावर नाकाच्या बाजूने मांस चढलेलं आणि मोतीबिंदू सुरू झालेला. या दोन्हीमागे इतर कारणांबरोबर आयुष्यभराचं ऊनही असतं. कोपऱ्यातल्या रेषा त्याच उन्हाची बाहेरून दिसणारी खूण होत्या. म्हणून सुरकुतीचा प्रश्न कोणी विचारला की मी त्याला नखरा म्हणत नाही. सुरकुतीसाठी का होईना, माणूस टोपी घालायला लागला तर डोळाही वाचतो.

तर टोपी. रुंद काठाची, गोल. क्रिकेटची टोपी कोपरे झाकत नाही. बायकांनी पदर किंवा ओढणी कपाळावरून पुढे ओढावी, तिची सावली भुवयांवर पडली पाहिजे. आणि गॉगल. आपल्या एटापल्लीत बाईने गॉगल घातला की लोक वळून बघतात, हे मला माहीत आहे. मीही पहिल्यांदा घातला तेव्हा चौकातून मान खाली घालून गेले होते. बघू द्या. मात्र पाटीवरून उचललेला नुसता काळा काचेचा गॉगल नको. अतिनील किरण अडवणारा, "यूव्ही ४००" लिहिलेला घ्या, शक्यतो चष्म्याच्या दुकानातून. नुसत्या काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि किरण अडत नसतील तर उलट जास्त आत जातात. आलापल्ली रस्त्याच्या धुळीसाठीही तो उपयोगी. धूळ गेली की आपण डोळे चोळतो, आणि चोळणं त्या पातळ कातडीला सगळ्यात वाईट. चोळू नका, पाण्याने धुवा.

सनस्क्रीनबद्दल सगळ्यांनी विचारलं. ऑस्ट्रेलियात नॅम्बूर नावाच्या गावात ९०० हून जास्त लोकांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला. त्यातल्या ज्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं होतं, त्यांच्या कातडीवर त्या काळात म्हातारपणाची वाढ जवळजवळ दिसली नाही. म्हणजे उपयोग होतो, पण रोज लावलं तर. लग्नाच्या दिवशी लावून होत नाही. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं, आणि उन्हात असाल तर दोन-तीन तासांनी परत. डोळ्यांजवळ झिंक ऑक्साइडचं असलेलं कमी झोंबतं. महाग पडतं हे खरं. परवडत नसेल तर टोपी, पदर आणि सावली, यांना पैसे लागत नाहीत.

आता एक गोष्ट, जिच्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. चाळिशीनंतर डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांवर मी सगळ्यात जास्त दिलेला उपाय म्हणजे वाचायचा चष्मा. सुईत दोरा ओवताना, तांदूळ निवडताना, मोबाइल बघताना आपण डोळे आवळतो. दिवसात शेकडो वेळा. घडी तिथेच, त्याच रेषेवर. आणि चष्मा लावला तर म्हातारे दिसू म्हणून लावत नाही! मघाशी नाश्त्याच्या वेळी कार्यक्रमपत्रिका हातभर लांब धरून वाचणारे मी मोजले. अकरा होते.

कबुली द्यायची आहे. माझ्या भाच्याच्या लग्नाआधी, अडतीस वर्षांची असताना, मीही एक क्रीम लावलं. एका ओळखीच्या बाईने दिलं. डबीवर ना कंपनीचं नाव, ना घटक. आठ दिवसांत चेहरा असा गुळगुळीत आणि उजळ की लग्नात सगळ्यांनी विचारलं. मी आठ महिने लावत राहिले, पापणीपर्यंत. थांबवलं की चेहरा लाल व्हायचा, म्हणून परत लावायचे. मग एक दिवस दवाखान्यात गर्दी नव्हती, सहज म्हणून सहकाऱ्याने माझ्या डोळ्याचा दाब मोजला. २८. साधारण दहा ते एकवीस असतो. दुसऱ्यांच्या डोळ्यांचे दाब मोजणारी मी, आणि मला स्वतःचं कळलं नाही. ते स्टेरॉइडचं क्रीम असणार, असं डॉक्टर म्हणाले. स्टेरॉइड डोळ्यांजवळ लावत राहिलं तर काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो, आणि वर कातडी आणखी पातळ होते. ज्या सुरकुतीसाठी लावायचं ती वाढवून मिळते. माझा दाब बंद केल्यावर महिन्याभरात खाली आला. सगळ्यांचा येतोच असं नाही.

म्हणून ट्यूबवर बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल यांपैकी काही लिहिलं असेल तर ती चेहऱ्याची क्रीम नव्हे, ते औषध आहे. २०१८ मध्ये सरकारने अशी औषधं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. काहीच लिहिलेलं नसेल तर ती आणखी वाईट. गोरं करणाऱ्या काही क्रीममध्ये पारा सापडला आहे आणि केरळात मलप्पुरममध्ये त्याने लोकांची मूत्रपिंडं बिघडल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं आहे. आणि एक बाजूची गोष्ट: सावळ्या कातडीला उन्हाच्या सुरकुत्या गोऱ्या कातडीपेक्षा उशिरा पडतात. देवाने फुकट दिलेलं सनस्क्रीन आपण पैसे देऊन खरवडतो.

मग काहीच क्रीम कामाचं नाही का? आहे. अ जीवनसत्त्वापासून बनवलेलं ट्रेटिनॉइन. १९८०च्या दशकापासून त्याच्यावर अभ्यास झाले आहेत, बारीक रेषा थोड्या भरून येतात. पण त्वचेच्या डॉक्टरांना विचारून, रात्री, अगदी थोडं, पापणीवर नाही. सुरुवातीला जळजळतं, सालपटं निघतात आणि फरक दिसायला महिने लागतात. गरोदर बाईने लावायचं नाही. रेटिनॉल हा त्याचा सौम्य भाऊ, गरोदरपणी तोही नाही. आणि कोरडेपणाने ज्या बारीक रेषा दिसतात त्यांना साधं व्हॅसलिनसुद्धा पुरतं. माझी आजी हिवाळ्यात टोरीचं तेल चोळायची. त्याने सुरकुती जात नाही, पण कातडी मऊ राहून ती कमी दिसते, इतकं आजीचं बरोबर होतं.

विडी सोडा हे सांगायची गरज नाही. खर्र्याने डोळ्यांभोवती सुरकुत्या पडतात असं मात्र मी म्हणणार नाही, कारण मला तसा पुरावा माहीत नाही. त्याचं काम तो तोंडात करतो, आणि ते कसं करतो हे या मंडपात बसलेल्यांपैकी काहींना घरातूनच माहीत आहे.

शेवटी इंजेक्शन. बोटॉक्सबद्दल विचारणारा आमच्या बॅचचा एक ठेकेदार आहे. त्याला हे आवडेल की ते मुळात आमच्या डोळ्यांच्या विभागातलं औषध आहे. तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याचा आजार, यांसाठी अमेरिकेत १९८९ मध्ये त्याला परवानगी मिळाली. कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या जीन कॅरुथर्स या डोळ्यांच्या डॉक्टर. त्यांच्या लक्षात आलं की ज्यांच्या पापण्यांसाठी इंजेक्शन दिलं त्यांच्या भुवयांमधली आठी गेली. त्यांचे पती त्वचेचे डॉक्टर. दोघांनी मिळून पुढचं काम केलं. डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या रेषांसाठी परवानगी २०१३ मध्ये मिळाली. ते स्नायूला तीन-चार महिने लुळं करतं, मग परत घ्यावं लागतं. शिकलेल्या हाताने दिलं तर साधारण सुरक्षित, ब्यूटी पार्लरमध्ये नाही.

पण त्याचं नाव निघालं की मला एका शिबिरातला माणूस आठवतो. तिशीचा असेल. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात एकही रेष नव्हती. हसला तर उजवीकडे घड्या पडायच्या, डावीकडे कातडी सपाट. बरोबरचे लोक म्हणत होते, याची एक बाजू जवान आहे. मी त्याला डोळे मिटायला सांगितले. डावा मिटला नाही. कुष्ठरोगाने नस गेली होती. रात्री डोळा उघडा राहून बुबुळ कोरडं पडलं होतं आणि त्यावर जखम झाली होती. आपल्या गडचिरोली-चंद्रपूरमध्ये हा आजार अजून आहे. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आणि नस नुकतीच, सहा महिन्यांच्या आत, कमजोर झाली असेल तर गोळ्यांनी परत येण्याची आशा असते. म्हणून एका बाजूच्याच सुरकुत्या अचानक नाहीशा झाल्या, डोळा पूर्ण मिटेना, तर आरशाकडे पाहून खूश होऊ नका. त्याच दिवशी दवाखान्यात या.

माझा वेळ संपला, सर घड्याळाकडे बघत आहेत. जेवणानंतर व्हरांड्यात मी टेबल लावलं आहे. नंबर तपासायची पेटी आणली आहे, आणि काही तयार वाचायचे चष्मेही आहेत. ज्यांचा नंबर त्यांत बसेल त्यांना लगेच मिळेल, बाकीच्यांना मी चिठ्ठी देईन. कार्यक्रमपत्रिका लांब धरणारे अकराही जण माझ्या लक्षात आहेत. आणि सर, पहिला नंबर तुमचा, कारण मघाशी हजेरी घेताना तुम्ही माझं नाव दोनदा चुकीचं वाचलंत.