घरातला नवा श्रोता

बेंगळुरूच्या आमच्या घरी बोलके यंत्र घ्यायचे ठरले, तेव्हा चिरंजीवांनी दोन नावे पुढे केली. अॅमेझॉनचे ‘इको’ भारतात २०१७ साली आले, तर ‘गूगल होम’ २०१८ साली. एकाचा आवाज भरदार, दुसऱ्याची माहिती दांडगी, असा वाद रंगला असता आईने विचारले, “अरे, पण त्याला माझे बोलणे कळेल का?”

आम्ही निरुत्तर झालो. ऐंशी वर्षांच्या आईची दृष्टी अधू झाली आहे. तेव्हा यंत्राची खरी गरज तिलाच. इकोमधली अलेक्सा २०१९ साली हिंदी शिकली. गूगलच्या साहाय्यकाला २०१८ पासून फोनवर मराठी कळू लागली. घरगुती यंत्रांचा भर मात्र इंग्रजी-हिंदीवरच राहिला.

दुसरा प्रश्न विश्वासाचा. ठरावीक हाक ओळखण्यासाठी हे यंत्र सतत कान देऊन असते. हाक ओळखली, की पुढचे बोलणे सामान्यतः कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जाते. कधी भलत्याच शब्दालाही ते ओ देते. म्हणून ध्वनिग्राहक बंद करण्याचे बटण प्रथम पाहावे आणि साठलेले बोलणे पुसण्याची रीत शिकून घ्यावी.

अखेर आम्ही आईलाच दुकानात नेले. तिच्या मराठी वळणाच्या हिंदीतून औषधाची आठवण करून देण्यास तिने दोन्ही यंत्रांना सांगितले. ज्याला ते पहिल्या खेपेस उमगले, तेच घरी आणले. बटण कुठे आहे, हे तिने बोटांनी चाचपून ठेवले आहे.